दोन बेटं, दोन विमानतळ, मधे पावणेतीन किलोमीटर : विमानाला नक्की वेळ किती लागतो?

खारेवारे (धागाकर्ता)

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं असतात ना, त्यातल्या एकावर काल रात्री गंमत म्हणून वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही जोडी टाकली. उत्तर आलं : अंतर २.७ किमी, वेळ ३० मिनिटं.

अर्धा तास! समुद्रावरून चालता आलं असतं तर चालतही साधारण तेवढ्याच वेळात पोचलो असतो.

ज्यांना ही जोडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. सत्तरेक बेटं, त्यातल्या वीसेकांवर वस्ती. मुख्य बेटावरचं कर्कवॉल हे मोठं गाव. उत्तरेकडे वेस्ट्रे, लोकवस्ती सहाशेच्या आसपास. त्याच्या पूर्वेला खेटून पापा वेस्ट्रे, तिथले लोक म्हणतात पापे. तिथे शंभरही माणसं नाहीत. या दोन बेटांमधे लोगनएअर कंपनीचं विमान १९६७ पासून नियमित उडतंय आणि जगातली सर्वात छोटी नियमित विमानफेरी म्हणून ते गिनीज बुकात आहे. वेळापत्रकात वेळ दोन मिनिटं. वारा धार्जिणा असेल तर दीड मिनिटाच्या आतही काम होतं. विक्रम ५३ सेकंदांचा, स्टुअर्ट लिंकलेटर नावाच्या वैमानिकाचा. हा गृहस्थ २०१३ साली निवृत्त झाला तोवर त्याने ही फेरी बारा हजारांहून जास्त वेळा मारली होती.

मग अर्धा तास आला कुठून? ही संकेतस्थळं बहुतेक एकच सूत्र सगळीकडे लावतात. सरळ अंतर घ्यायचं, त्याला जेट विमानाच्या ताशी आठशेएक किलोमीटर वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याची म्हणून तीस मिनिटं वरून टाकायची. मुंबई-दिल्लीला हे बरं चालतं. इथे २.७ भागिले ८०० म्हणजे १२ सेकंद, अधिक तीस मिनिटं. म्हणजे उत्तरातला जवळजवळ सगळा वेळ हा वरचा अंदाज आहे, आणि तोही जेटचा. या बेटांवर जेट उतरूच शकत नाही.

माझं म्हणणं असं की जवळच्या दोन बेटांच्या बाबतीत अंतर हा सगळ्यात निरुपयोगी आकडा असतो. वेळ ठरतो वाऱ्यावर, धावपट्टी कुठल्या दिशेला आहे त्यावर आणि मुख्य म्हणजे ते विमान कुठून कुठे चाललंय त्यावर. तुम्हाला ठाऊक असलेल्या अशा जोड्या असतील तर येऊ द्या.

---

चिंचोका

सीटबेल्ट लावेपर्यंत पोचलो की! चहा कधी देतात म्हणे?

---

खारेवारे

चहा कोण देणार? विमानात वैमानिक एकटाच असतो, हवाईसुंदरी वगैरे भानगड नाही. आठ प्रवासी. एखाद्याचं नशीब जोरावर असेल तर वैमानिकाच्या शेजारची जागा मिळते.

---

त्रिज्या

अंतर निरुपयोगी म्हणालात म्हणून आमच्यासारख्यांनी गप्प बसायचं का? :)

नकाशावरून स्वतः अंतर काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हे दोन्ही विमानतळ जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, ५९ अंश २१ मिनिटं उत्तर. फरक आहे तो रेखांशात, आणि तोही जेमतेम ३ मिनिटांचा, म्हणजे एका अंशाचा विसावा भाग. आता मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. मुंबईचाच हिशोब ऑर्कनीला लावला तर अंतर येईल सव्वापाच किलोमीटर. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात आणि ५९ अंशांवर तोच एक अंश ५७ किलोमीटरचा उरतो. त्याचा विसावा भाग केला की २.८ च्या आसपास, म्हणजे खारेवारेंच्या आकड्याला जुळलं. कुठल्या बिंदूपासून मोजलं यावर शंभरेक मीटर इकडे-तिकडे होतातच.

पृथ्वीच्या गोलाईचा विचार एवढ्याशा अंतरात करायचं कारण नाही. ती मुंबई-न्यूयॉर्कची चैन.

५३ सेकंदांत २.७ किमी म्हणजे सरासरी ताशी १८३ किमी. सुरुवात आणि शेवट धावपट्टीवर असूनही ही सरासरी! विमान कुठलं आहे?

---

खारेवारे

ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. दोन पंखे, दोन पिस्टन इंजिनं. या विमानाचं पहिलं उड्डाण १९६५ चं, तेही आइल ऑफ वाइट या बेटावरून. नावच आयलंडर, त्यामुळे पुढे काय करायचं हे जन्मतःच ठरलेलं.

---

डांबरट

माहिती रोचक आहे पण मला एक कळत नाही. शंभर माणसांसाठी पावणेतीन किलोमीटर विमान? पूल बांधा, नाहीतर होडी सोडा. दोन इंजिनं पेटवायची, वर जायचं, लगेच खाली यायचं. इंधन सगळ्यात जास्त जळतं ते वर चढतानाच. इकडे आम्हाला सांगतात गाडी कमी वापरा.

आणि याला सरकारी अनुदान असणार हे सांगायला ज्योतिषी नको.

---

चिंचोका

डांबरटराव, नाव डांबरट, म्हणजे रस्त्याची बाजू घेणारच तुम्ही.

---

ग्रॅनाइटनगरी

अ‍ॅबर्डीनला राहते. इथे तेलकंपन्यांमुळे मराठी मंडळी बऱ्यापैकी आहेत, आणि इकडे आलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी ऑर्कनीला जाऊन येतोच. मी त्या विमानात बसलेली आहे, म्हणून डांबरट यांच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, होडी आहेच. वेस्ट्रेच्या पिएरोवॉल गावाहून पापेला छोटी प्रवासी बोट जाते, पंचवीसेक मिनिटं घेते. हवा चांगली असेल तर लोक बोटीनेच जातात. वेस्ट्रेहून पापेला जाण्यासाठी म्हणून विमान ठेवलेलंच नाही, हे आधी लक्षात घ्या. विमान निघतं कर्कवॉलहून. तिथून वेस्ट्रेला पंधराएक मिनिटं, तिथे दोन उतरले, एक चढला, मग पापे, मग परत कर्कवॉल. कधी उलटा क्रम, कधी एखादं बेट गाळून थेट. आपली एसटी मुख्य रस्ता सोडून आतल्या वाडीला वळसा घालून जाते ना, तसा हा वळसा आहे. आता त्या दोन थांब्यांमधलं अंतर कमी निघालं याला एसटीने काय करावं? गिनीजवाल्यांनी मधला एवढाच तुकडा उचलला आणि तो जगभर प्रसिद्ध झाला.

कर्कवॉल ते पापे हा खरा प्रवास आहे. कर्कवॉलहून मोठी फेरीबोट वेस्ट्रेच्या दक्षिण टोकाला, रॅपनेसला लागते, तिलाच दीड तासाच्या आसपास लागतो. मग बेट ओलांडून उत्तरेला पिएरोवॉल, मग छोटी बोट. दिवस गेला. विमानाने सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. म्हणून त्यात फिरते शिक्षक असतात, आरोग्यसेवेतली माणसं असतात, कर्कवॉलला दवाखान्यात निघालेले म्हातारे असतात. आमच्या विमानात पर्यटक म्हणावेत असे आम्हीच. बाकीच्यांपैकी कुणी खिडकीबाहेर बघितलंही नाही. एक बाई तर पेपरच वाचत होत्या, आणि मला वाटतं बातमी पूर्ण व्हायच्या आत त्यांना उतरावं लागलं.

आयलंडरमधे मधे चालायला वाटच नसते. मोटारीसारखी बाजूला दारं, ज्याने त्याने आपापल्या दारातून आपापल्या बाकावर बसायचं. कुणी कुठे बसायचं ते वजन बघून सांगतात. माझ्या नवऱ्याला मागे बसवलं त्यावर घरी अजून चर्चा होते. वेस्ट्रेहून उडालो, खाली हिरवट पाणी, समोर लगेच पापेची शेतं आणि गुरं. पुरतं वर गेलंच नाही विमान, काही शे फूट असेल. 'आता सरळ होईल' म्हणेपर्यंत उतरायला लागलं. प्रमाणपत्र मिळतं, ते फ्रिजवर लावलंय.

---

डांबरट

एसटीचा मुद्दा पटला. पुलाचं काय?

---

ग्रॅनाइटनगरी

ऑर्कनीत बेटं जोडलेली आहेतच, पण दक्षिणेकडची, आणि ती प्रवाशांसाठी जोडलेली नव्हती. ऑक्टोबर १९३९ मधे जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळाच्या आत शिरून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली, आठशेहून जास्त खलाशी गेले. त्यानंतर चर्चिलने पूर्वेकडच्या खाड्या बुजवायचं ठरवलं. चार बांध घातले, कामावर इटालियन युद्धकैदी होते. १९४४ मधे काम संपलं, १९४५ मधे उद्घाटन झालं आणि वर रस्ता झाला. युद्धासाठी तिजोरी उघडते. शंभर माणसांच्या बेटासाठी, एवढ्या ओढीच्या समुद्रात, कोण उघडणार?

गंमत अशी की हा समुद्र तिथे कायमच होता असं नाही. पापेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वेस्ट्रेकडे तोंड करून, नॅप ऑफ हॉवर नावाची दोन दगडी घरं आहेत. इ.स.पूर्व ३७०० च्या सुमाराची. उत्तर युरोपात अजून उभी असलेली सर्वात जुनी दगडी घरं म्हणून ती ओळखली जातात. आज लाटा अगदी दाराशी येतात, पण ती बांधली तेव्हा किनारा बराच लांब होता आणि पापे-वेस्ट्रे बहुधा एकच जमीन होती असा पुरातत्त्ववाल्यांचा कयास आहे. म्हणजे त्या घरातली माणसं पलीकडे पायीच जात असणार.

---

त्रिज्या

म्हणजे तेव्हा ३० मिनिटं हे उत्तर बरोबर होतं!

---

खारेवारे

त्रिज्या, हे भारी. संकेतस्थळ फक्त साडेपाचेक हजार वर्षं मागे आहे.

---

रिव्हेट

विमानदेखभालीत नोकरी केली आहे, म्हणून वाऱ्याबद्दल जरा लिहितो. वर धागाकर्त्यांनी 'वारा धार्जिणा असेल तर' एवढं म्हणून सोडलंय, पण खरी मजा तिथेच आहे.

समजा विमानाचा हवेतला वेग ताशी १८० किमी आणि वारा ताशी ५५. ऑर्कनीत असा वारा म्हणजे नेहमीचंच. वारा पाठीशी असेल तर जमिनीवरचा वेग २३५, म्हणजे २.७ किमीला ४१ सेकंद. वारा समोरून असेल तर १२५, म्हणजे ७८ सेकंद. जवळजवळ दुप्पट. आता कुणीही म्हणेल की पाठीशी वारा बरा.

पण विमान चढतं आणि उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन. पापे वेस्ट्रेच्या पूर्वेला आहे. वारा पश्चिमेचा असला, म्हणजे पाठीशी, तर वैमानिकाने आधी पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे पापेकडे पाठ करून, उडायचं. मग पूर्ण वळायचं. वाऱ्याबरोबर पलीकडे जायचं, पापे ओलांडायचं, परत वळायचं आणि पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं. दोन अख्खी वळणं. उलट वारा पूर्वेचा, म्हणजे समोरचा असेल तर? उडाला तो सरळ, गेला सरळ, उतरला सरळ. वळण नाहीच. मधल्या समुद्रावर वेग कमी पडेल, पण एकूण हिशोबात हा लवकर पोचेल. लांबच्या प्रवासात पाठीशी वारा म्हणजे फायदाच. इथे तोच वारा तुम्हाला वळसे घालायला लावतो.

म्हणूनच अशा छोट्या विमानतळांवर धावपट्टी एकच नसते. वेस्ट्रेला आणि पापेला दोन्हीकडे वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या पट्ट्या आहेत. एक खडी दाबून केलेली, सुमारे पाचशे मीटरची, आणि बाकीच्या गवताच्या, त्याहून आखूड. वारा बघायचा आणि पट्टी निवडायची. आयलंडरला एवढी जागा पुरते. चाकं खालीच बसवलेली असतात, आत ओढायची नाहीत, त्यामुळे ते काम आणि ती बिघाडाची शक्यता दोन्ही नाहीत.

विमानकंपन्या 'वेळ' म्हणतात तो विमान जागेवरून हललं ते पुन्हा जागेवर थांबलं इथपर्यंतचा. हवेतला वेळ वेगळा. मोठ्या विमानतळावर या दोन्हींत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक सहज पडतो. पापेला धावपट्टीच्या टोकापासून थांबायच्या जागेपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार?

---

मीठभाकर

रिव्हेट, उत्तम प्रतिसाद. एक शंका. दिवसात एवढ्या वेळा चढ-उतार केली तर विमान लवकर खिळखिळं होत नाही का?

---

रिव्हेट

होतं, आणि बेटांच्या बाबतीत याचं फार मोठं उदाहरण आहे. हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्स होती. २८ एप्रिल १९८८ ला त्यांचं बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला निघालं. २४ हजार फुटांवर असताना पुढच्या भागाचं छप्परच उडून गेलं, म्हणजे शब्दशः, पुढच्या रांगांतले प्रवासी डोक्यावर आकाश घेऊन बसलेले. एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली, ती गेली. बाकी ९४ जण घेऊन वैमानिकांनी विमान माउई बेटावर उतरवलं.

त्या विमानाचे उडण्याचे तास होते साडेपस्तीस हजारांच्या आसपास. १९ वर्षांच्या जेटला हे काही फार नाहीत. पण उड्डाणं किती? ८९,६८०. भागाकार करा, सरासरी एक उड्डाण २४ मिनिटांचं. दर उड्डाणाला केबिनमधे हवा भरायची, खाली आल्यावर सोडायची. प्रत्येक वेळी धातूचा पत्रा ताणला जातो आणि सैल पडतो. त्यात बेटांवरची खारी हवा. रिव्हेटच्या भोकांजवळ बारीक चिरा पडल्या, त्या एकमेकींना मिळाल्या, आणि एक दिवस पत्रा सुटला. (माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय.) या अपघातानंतर जुन्या विमानांची तपासणी तासांपेक्षा फेऱ्यांच्या हिशोबाने कडक झाली.

आता आयलंडरकडे या. त्यात केबिनमधे हवेचा दाब वाढवतच नाहीत. काही शे किंवा काही हजार फुटांवर उडायचं तर गरज काय? त्यामुळे पत्र्याचा तो ताण नाही. चाकं, ब्रेक, इंजिनं यांच्यावर भार पडतो, पण हे भाग बदलता येतात. खारेपणाशी झगडा मात्र आहेच. बेटावरचं कुठलंही यंत्र विचारा, तेच सांगेल.

---

सुशीपुरी

टोकियोहून. जपानमधली जोडी सांगतो. ओकिनावाच्या पूर्वेला साडेतीनशे-एक किलोमीटर भर समुद्रात दाइतो बेटं आहेत, मिनामी-दाइतो आणि किता-दाइतो, म्हणजे दक्षिण आणि उत्तर. दोन्ही विमानतळांत अंतर १३ किमी. ही जपानमधली सर्वात छोटी नियमित फेरी होती. वेळापत्रकात पंधरा-वीस मिनिटं लिहिलेली, प्रत्यक्ष हवेत जेमतेम काही मिनिटं. इथेही ग्रॅनाइटनगरीताई म्हणतात तोच प्रकार : नाहा (ओकिनावाचं मुख्य शहर) ते एक बेट, मग दुसरं बेट, मग परत नाहा, असा त्रिकोण. २०२४ मधे हा त्रिकोण बंद झाला, आता दोन्ही बेटांना नाहाहून थेट विमानं आहेत. म्हणजे शेजारच्या बेटावर विमानाने जायचं तर आधी साडेतीनशे किलोमीटर उलटं जायचं आणि परत यायचं!

या बेटांना बंदर म्हणावं असं काही नाही. चहूबाजूंनी कडे, खाली एकदम खोल पाणी. बोट धक्क्याला टेकतच नाही. माणसांना लोखंडी पिंजऱ्यात उभं करून क्रेनने बोटीवरून उचलून जमिनीवर ठेवतात. मालही तसाच. होडी सोडा म्हणणाऱ्यांनी एकदा हा पिंजरा बघावा.

---

चिंचोका

डांबरटांना क्रेनमधे उभं करा रे कुणीतरी.

---

डांबरट

मी होडी म्हणालो होतो, क्रेन नाही. :)

बरं, विमान हवं हे मान्य. पण अनुदानाचं सांगा. कुणाच्या खिशातून?

---

खारेवारे

ऑर्कनीच्या आतल्या फेऱ्या तिथली परिषद लोगनएअरकडून करारावर चालवून घेते. लोकसेवेची जबाबदारी म्हणून मार्ग ठरवतात, फेऱ्या आणि भाडं ठरवतात आणि तूट भरून देतात. धंदा म्हणून कुणीही हे केलं नसतं. आठ जागा, त्यातल्या कितीतरी रिकाम्या.

आपल्याकडे 'उडान'मधे, म्हणजे छोटी शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेत, तेच तत्त्व आहे. चिपीचं उदाहरण घ्या. मुंबई-सिंधुदुर्ग विमान ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं ते उडानमधे, आणि तीन वर्षांची मुदत संपली तशी ती सेवा थांबली. ऑर्कनीत आणि इथे फरक मला हाच दिसतो. तिथे अनुदान हे मार्ग रुजेपर्यंतचं खतपाणी आहे असं कुणी समजत नाही. शंभर माणसांचं बेट कधीच 'फायद्यात' येणार नाही हे धरूनच करार होतो. आपण तीन वर्षांनी विचारतो, झालास का पायावर उभा?

उलट उदाहरणही आहे. जर्मनीतलं फ्रीड्रिक्सहाफेन आणि पलीकडे स्वित्झर्लंडमधलं अल्टनऱ्हाइन, मधे बोडन सरोवर. २०१६ च्या नोव्हेंबरात इथे आठ मिनिटांची विमानफेरी सुरू झाली, वीसेक किलोमीटर. पर्यावरणवाल्यांनी झोडपलं, प्रवासी मिळेनात, पुढच्या एप्रिलमधे बंद. तिथे कडेने रस्ता होता, रेल्वे होती. डांबरट यांचा आक्षेप मी तिथे शंभर टक्के मान्य करीन. किलोमीटर बघून उधळपट्टी ठरवता येत नाही. 'हे नसतं तर माणूस कसा गेला असता' हे बघावं लागतं.

---

मीठभाकर

इंधनाबद्दल : ऑगस्ट २०२१ मधे ऑर्कनीतच एक प्रयोग झाला होता. अ‍ॅम्पेअर कंपनीचं अर्धं बॅटरीवर, अर्धं पेट्रोलवर चालणारं छोटं विमान कर्कवॉलहून समुद्र ओलांडून मुख्य भूमीवरच्या विक (Wick) या गावी गेलं. बॅटरीवरच्या विमानांची अडचण असते पल्ल्याची, आणि इथे पल्लाच नाही. शिवाय ऑर्कनीत पवनऊर्जा मुबलक. नियमित प्रवाशांसाठी असं विमान यायला अवकाश आहे, पण जगात कुठे हे आधी जमेल तर ते अशाच ठिकाणी.

---

दर्यावर्दी_अलिबाग

आपल्याकडची जोडी कुणीच कशी सांगितली नाही? अंदमान. पोर्ट ब्लेअरचा (आता श्री विजयपुरम) विमानतळ, म्हणजे आपला वीर सावरकर विमानतळ, आणि तिथून हॅवलॉक, आता स्वराज द्वीप. पवनहंसची हेलिकॉप्टरं बेटांमधे जातात. २०१० च्या शेवटी 'जलहंस' नावाने पाण्यावर उतरणारं विमानही सुरू केलं होतं. सुरू झालं तेव्हा देशातली पहिलीच सेवा म्हणून गाजावाजा झाला, टिकली मात्र नाही. बोटीला दीड ते अडीच तास, कुठली बोट यावर.

लक्षद्वीपला नियमित विमान उतरतं ते एका अगत्तीला. धावपट्टी बाराशे मीटर, दोन्ही टोकांना समुद्र. कोचीहून साडेचारशे किलोमीटर, एटीआर या छोट्या पंख्यांच्या विमानाने दीडेक तास. पुढे कवरत्तीला जायचं तर बोट किंवा हेलिकॉप्टर. तिथल्या आजारी माणसाला विचारा अंतर किती. तो किलोमीटर सांगणार नाही, हेलिकॉप्टर कधी येतंय ते सांगेल.

---

खारेवारे

दर्यावर्दी, हेच मला म्हणायचं होतं. धन्यवाद.

ऑर्कनीतही हे विमान आधी त्याच कामाचं होतं. तिथे बेटांवर विमान आणलं ते फ्रेसन नावाच्या कॅप्टनने, १९३३ मधे त्याने इनव्हर्नेस-कर्कवॉल मार्ग सुरू केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात ब्रिटनमधली पहिली नियमित अंतर्गत हवाई टपालसेवा याच मार्गावर सुरू झाली. शेतकऱ्यांनी सपाट रानं दिली, तिथे गुरं हाकलून विमान उतरायचं. लोगनएअर नंतरची, १९६२ ची. तिचा मालक टे नदीवरच्या पुलाचा कंत्राटदार होता. त्याच्या बांधकाम कंपनीची माणसं नेण्या-आणण्यासाठी छोटं विमान घेतलं आणि त्यातून विमानकंपनी झाली. डांबरट, बघा : पूल बांधणाऱ्यानेच विमान सुरू केलं. पुढे कित्येक वर्षं स्कॉटलंडच्या बेटांची हवाई रुग्णवाहिकाही हीच कंपनी चालवायची.

---

सुशीपुरी

कॅरिबियनमधलं साबा राहिलं. सिंट मार्टेनहून पंचेचाळीसेक किलोमीटर, ट्विन ऑटर या छोट्या विमानाने बारा-पंधरा मिनिटं. धावपट्टी फक्त ४०० मीटर, नियमित प्रवासी विमानांसाठी जगातली सर्वात आखूड. एका बाजूला डोंगर, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. तिथे वेळ बघायचं सुचतच नाही म्हणे कुणाला.

---

ग्रॅनाइटनगरी

आणि स्कॉटलंडमधेच बारा बेट! तिथे विमान चक्क पुळणीवर उतरतं आणि भरतीच्या वेळी धावपट्टी पाण्याखाली असते. त्यामुळे वेळापत्रक ओहोटी बघून लावतात.

---

दर्यावर्दी_अलिबाग

ओहोटी बघून वेळापत्रक. ही कंपनी कोळ्यांच्या हातात द्या, एक मिनिट उशीर होणार नाही.

---

मीठभाकर

आम्ही येत्या मे-जूनमधे स्कॉटलंडला जातोय. ही फेरी करायचीच असं मुलांनी ठरवलंय. ग्रॅनाइटनगरीताई, तिकीट नक्की कुठून कुठे काढायचं? आणि फक्त त्या दोन मिनिटांसाठी एवढं वर जाणं परवडेल का?

---

ग्रॅनाइटनगरी

फक्त दोन मिनिटांसाठी जाऊ नका, पापेवर दिवस काढा. तिकीट कर्कवॉलहून काढा. जाताना किंवा येताना एका बाजूला वेस्ट्रेवरून जाणारी फेरी आहे ना हे बघून घ्या, कारण काही फेऱ्या थेट असतात, आणि थेट फेरीत तुमची ती दोन मिनिटं येणारच नाहीत. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. जागा आठच, आणि बेटावरच्या लोकांना त्या खरोखर लागतात, म्हणून बरंच आधी आरक्षण करा. दुसरा मार्ग म्हणजे जाताना विमान आणि परत येताना पिएरोवॉलची बोट. मग वेस्ट्रेही बघून होतं. नोल्टलंडचा किल्ला आहे, आणि २००९ मधे तिथल्याच वाळूत सापडलेली दगडी बाईची इवलीशी मूर्ती आहे, 'वेस्ट्रे वाइफ' म्हणतात तिला.

पापेवर नॅप ऑफ हॉवर चुकवू नका. उत्तर टोकाला कड्यांवर पक्षी बघायला मे-जून उत्तम. तिथेच ग्रेट ऑक या न उडणाऱ्या पक्ष्याचं स्मारक आहे. पापेवरचा शेवटचा ग्रेट ऑक १८१३ मधे गोळी घालून मारला आणि पुढे ती जातच जगातून संपली. आर्क्टिक टर्न हे पक्षी घरट्याजवळ गेलात तर डोक्यावर चोच मारतात. टोपी घाला, नाहीतर काठी डोक्याच्या वर धरून चाला, ते उंच टोकावर मारतात.

धुकं आलं तर विमान रद्द होतं, कारण वैमानिक डोळ्यांनी बघून उतरतो, मोठ्या विमानतळासारखी यंत्रणा तिथे नाही. त्यामुळे परतीच्या दिवशीच एडिंबराहून मुंबईचं विमान असं काही करू नका. मधे एक मोकळा दिवस ठेवा.

---

मीठभाकर

हे सगळं टिपून घेतलं. वजन बघून बसवतात हे नवऱ्याला आत्ताच सांगू की तिथे गेल्यावर?

---

ग्रॅनाइटनगरी

तिथे गेल्यावर.